देण्याघेण्याची बैठक आणि फ्रेंच राज्यक्रांती

लोणावळा, २५ मार्च १९३६

तळेगावहून माधवरावांचं पत्र आलं. मुलगी पसंत आहे, पत्रिका जुळते, येत्या रविवारी बाकीचं बोलायला येतो. 'बाकीचं' या शब्दाखाली रेघ मारलेली नाही, पण मला ती दिसली. बाकीचं म्हणजे हुंडा.

मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवतो हे सगळ्या गावाला माहीत आहे. पुण्याच्या एका साप्ताहिकात 'तिरकस' या नावाने दर आठवड्याला लोकांची सालं काढतो तोही मीच, हे मात्र कुणाला माहीत नाही. गेल्या दिवाळीत 'तिरकस'ने 'नवरदेवांचा बाजार' लिहिला. त्यात बी.ए. झालेला मुलगा खिल्लारी बैलासारखा दावणीला उभा आहे आणि गिऱ्हाईक त्याचे दात तपासतं आहे. लेख गाजला. आता त्याच बाजारात मला पिशवी घेऊन जायचं आहे. हुंडा दिला तर सकाळी दाढी करताना आरशात बघायची सोय उरणार नाही. नाही दिला तर आमच्या शैलाचं लग्न मोडेल.

आणि हे मोडलं तर तिसरं. पहिलं मोडलं तेव्हा मी वरपित्याला एवढंच विचारलं होतं की भाव नगावर आहे की वजनावर. दुसऱ्या वेळी काय विचारलं ते कुठेही लिहायचं नाही, असं इंदिरेने बजावलं आहे. बायको मोठी शांत मिळाली मला. बजावते तेव्हाच आवाज चढतो.

शिवाय वेळ नाही. शैला आणि मुलगा, दोघंही आपापल्या घरात थोरली, म्हणजे ज्येष्ठात लग्न नाही. आषाढात लोणावळ्याला मांडव घालणं म्हणजे नदीत पाट मांडणं. वैशाखात उरकलं तर उरकलं, नाहीतर मार्गशीर्षापर्यंत थांबायचं, आणि थांबलेल्या सोयरिकी आंबतात. शैला एकविसाची आहे.

स्थळ वाईट नाही. माधवराव तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाले. मुलगा गोपाळकृष्ण कल्याणला रेल्वेच्या विजेच्या इंजिनांवर आहे. त्याआधी पुण्याला होता. शैला कॉलेजला जायची त्याच गाडीने तोही जात असणार, पण एकमेकांना कधी पाहिलं नाही म्हणतात. खरंच असेल. गाडीला डबे पुष्कळ असतात.

मुलगा शैलाला आवडला का, असं मी इंदिरेला विचारलं. "तिला विचारायला हवं," म्हणाली, आणि आत जाऊन दोघी किती तरी वेळ हसत होत्या. मुलींना लग्नाचं गांभीर्य नसतं.

२९ मार्च, रविवार

माधवराव आणि गोपाळ दोघेच आले. माधवरावांच्या थोरल्या बहीण अंबूबाई यायच्या होत्या, पण गुडघे दुखतात म्हणून राहिल्या. पोहे झाले, चहा झाला. माधवरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, ती दोन्ही हातांनी फिरवली आणि म्हणाले, "तर नानासाहेब, ते आपलं..."

तेवढ्यात गोपाळ म्हणाला, "बाबा, गाडीत आपलं बोलणं चाललं होतं ते नानांना विचारू का? आधुनिक इतिहासातली सगळ्यांत महत्त्वाची घटना कोणती?"

"गाडीत?" माधवराव म्हणाले. "गाडीत तर तू झोपला होतास."

पण इतिहासाच्या मास्तरापुढे असा प्रश्न टाकणं म्हणजे मांजरापुढे दूध. "फ्रेंच राज्यक्रांती," ते म्हणाले. "यात विचारायचं काय?"

"जपानने रशियाला हरवलं ती," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाचवीतला मुलगा आहे आणि शाई सांडली आहे.

"नानासाहेब, तुम्ही इंग्रजी शिकवता ना?"

"हो. आणि म्हणूनच मला ठाऊक आहे की युरोपातल्या लोकांनी आपापसांत मुंडकी उडवली तर तो त्यांच्या घरातला प्रश्न. मी सोळा वर्षांचा होतो. आमच्या मास्तरांनी वर्गाचं दार लावून घेतलं आणि रशियाचं आरमार बुडाल्याची बातमी वाचून दाखवली. गोरा माणूसही हरतो, हे त्या दिवशी मला कळलं. तोवर मला वाटायचं की त्यांना तशी परवानगीच नसते."

"हरतो हे तुम्हाला जपानने सांगितलं. हरल्यावर त्याच्या जागी कुणाला बसवायचं, ते फ्रान्सने आधीच सांगून ठेवलं होतं."

"कुणाला बसवलं? नेपोलियनला."

"तो नंतर."

"सगळ्यांचा नेपोलियन नंतरच असतो."

माधवरावांनी टोपी बाजूला ठेवली. मग साडेपाचची गाडी येईपर्यंत आम्ही दोघे एकमेकांना बोलू देत नव्हतो. मी अतिशय संयमाने बोललो. ते स्टेशनच्या वाटेला लागल्यावर इंदिरा म्हणाली, "तुम्ही त्यांना 'पाठ्यपुस्तकातली वाळवी' म्हणालात." म्हणालो असेन, पण प्रेमाने.

हुंड्याचं राहूनच गेलं. शैलाला कॉलेजात गेल्या वर्षी निबंधाला हाच विषय होता. विद्यापीठ काय आणि रेल्वे काय, कल्पकतेचा दुष्काळ सगळीकडे सारखाच.

३१ मार्च

वाळवी हा शब्द नको होता. आता नकार येणार.

२ एप्रिल

नकार आला नाही. माधवरावांचं कार्ड आलं: "व्हॉल्टेरबद्दल आपण जे म्हणालात ते साफ चूक आहे. १२ तारखेला सहकुटुंब या." बाकी मजकूर नाही. मी दोन दिवस जेवलो नव्हतो, ते आज जेवलो.

१२ एप्रिल, तळेगाव

घर नीटनेटकं. ओसरीवर बसलो तर माधवराव एखादा गुन्हा सांगावा तसे हळूच म्हणाले, "नानासाहेब, तो देण्याघेण्याचा विषय आमच्याकडे अक्का काढते. मला तो काढता येत नाही आणि टाळताही येत नाही. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. अक्काने मला वाढवलं. तिच्यापुढे माझं तोंड उघडत नाही."

"सोळाव्या लुईचंही बायकोपुढे असंच व्हायचं," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले, मग हसले. मूळ विषय सोडून भलतीकडे जायची त्यांना सवय आहे. मी तो परत इतिहासावर आणला.

अंबूबाई बाहेर आल्या. अडुसष्ट वर्षांच्या, अंगावर आलवण, बारीक चणीच्या. नवरा लवकर गेला तेव्हा माहेरी आल्या आणि तेव्हापासून घर त्यांच्या शब्दावर चालतं. त्या येताच माधवरावांनी मांडी बदलली. गोपाळने घाईघाईने मला विचारलं, "नाना, त्या रशियन आरमाराला समुद्रातून यायला इतका वेळ का लागला?"

चांगला प्रश्न होता. मी उत्तर देऊ लागलो, माधवराव नकाशाचं पुस्तक आणायला आत पळाले, आणि जरा वेळाने आम्ही तिघे आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालत होतो.

"इतिहास झाला का?" अंबूबाई म्हणाल्या. "झाला असेल तर व्यवहारावर या. मुलीचे वडील काय देणार?"

माझ्या जिभेवर तीन उत्तरं आली, तिन्ही चांगली. इंदिरेने मागून माझं उपरणं ओढलं आणि म्हणाली, "गाडीची वेळ झाली वाटतं." झाली नव्हती. आम्ही स्टेशनवर पाऊण तास बसलो.

निघताना अंबूबाई भावाला म्हणाल्या ते मला ऐकू यावं अशा बेताने म्हणाल्या: "पुढच्या रविवारी मी स्वतः लोणावळ्याला येते. इतिहास घरी ठेवून यायचा, माधव."

१७ एप्रिल

भाजे गावची झुंबरबाई करवंदं घेऊन आली. दर उन्हाळ्यात येते, पाटी उतरवते आणि आधी घरच्या चौकशा करते.

"नाना, पोरीचं ठरलं म्हनं."

"ठरतंय."

"तुमी त्या पेपरात बैलाचं लिवलं व्हतं न्हवं, ते आमच्या मारुतीनं वाचून दावलं. लय हासलो आमी. आता तुमालाच बैल घ्यायचा हाय म्हना की."

मी विचारलं, तो लेख मी लिहिला हे तुला कुणी सांगितलं. तिने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. "सांगाया कशाला पायजे? तुमच्यावानी टोचून दुसरं कोन बोलतंय हितं?"

'तिरकस' कोण हे भाज्यापर्यंत गेलं असेल तर तळेगाव काही फार पुढे नाही. म्हणजे अंबूबाईंनाही ठाऊक असेल. म्हणजे मी पैसे दिले तर तळेगाव हसेल आणि दिले नाहीत तर शैला रडेल. हसलं तर हसू दे, असं लिहायला बसलो होतो, पण खरं सांगायचं तर मला दोन्हीची भीती वाटते, आणि कोणती जास्त हे मी स्वतःला विचारलेलं नाही.

१८ एप्रिल

ठरवलं. उद्या उभं राहून सांगायचं: मी हुंडा देणार नाही, तुम्ही मागू नये, आणि का मागू नये ते ऐका. शाळेच्या मागच्या मैदानावर दोनदा म्हणून पाहिलं. शेवटाला आवाज चांगला लागतो. एक गुराखी थांबून ऐकत होता. इंदिरेला म्हणालो, उद्या तत्त्वाला जागणार. ती तांदूळ निवडत होती. "मग शैलाला एकदा सांगून ठेवा," म्हणाली. मी शैलाला सांगितलं. ती म्हणाली, "नाना, तुम्हाला वाटेल ते बोला. फक्त सुरुवात तुम्ही करू नका." पोरगी मानी आहे. वरपक्षाने आधी मागावं, मग नकार शोभतो, असं तिला म्हणायचं असणार.

१९ एप्रिल, रविवार

हे जसं झालं तसं लिहून ठेवतो, कारण मला त्याचा अर्थ अजून नीट लागलेला नाही.

अंबूबाई टांग्यातून उतरल्या आणि त्यांनी घरावरून अशी नजर फिरवली की कौलं मोजून झाली. आत येऊन भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्या डाव्या हाताला माधवराव, उजव्या हाताला गोपाळ. गोपाळने तोंड उघडलं.

"इतिहास नको," अंबूबाई म्हणाल्या. त्याने तोंड मिटलं.

मी तयार होतो. पहिलं वाक्य ओठांवर होतं, फक्त त्यांनी मागायची खोटी. तेवढ्यात शैला पन्हं घेऊन आली. भांडं अंबूबाईंपुढे ठेवलं आणि तिथेच त्यांच्यासमोर बसली.

"आत्याबाई, या सगळ्यांनी आपापलं मत सांगितलं. तुम्हाला कुणी विचारलंच नाही. तुम्ही यांच्यापेक्षा जास्त पाहिलंय. तुमच्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट कोणती घडली?"

लग्नाच्या मुलीने बैठकीत मध्ये बोलावं, आणि तेही नको म्हणून सांगितलेल्या विषयावर? मी इंदिरेकडे पाहिलं, की आता काही तरी करून हिला आत ने. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, अगदी निवांत, पुढची ओवी ठाऊक असल्यासारखी.

"मला विचारतेस?" अंबूबाई म्हणाल्या.

"हो."

त्यांनी पन्ह्याला हात लावला नाही. शैलाकडे बघत बसल्या. मला वाटलं, झालं, आता उठणार.

"काडेपेटी," त्या म्हणाल्या.

"अक्का, ती वस्तू झाली," माधवराव म्हणाले. "हिने घटना विचारली आहे."

"घरात आली तेव्हा घटनाच होती. तू रांगत होतास, तुला काय कळतंय?" मग शैलाला म्हणाल्या, "आठव्या वर्षी लग्न होऊन नवलाख उंबरे गावी गेले. विस्तव राखायचं काम माझं. रात्री निखारे राखेत पुरायचे, पहाटे उकरायचे. पोरवय, झोपेत नीट पुरले जायचे नाहीत. विझले की सासूबाई हातात खापर द्यायच्या. जा, शेजारून विस्तव घेऊन ये."

"मग शेजारी द्यायचे ना?"

"द्यायचे की. शेजारीण वाईट नव्हती. पण मी दारात दिसले की तिला तिची कामं आठवायची. थांब, सडा होऊ दे. थांब, म्हैस पिळून होऊ दे. कधी म्हणायची, तुझ्या सासूने परवा मला ताकाला नाही म्हटलं. कधी म्हणायची, आमचाही विझलाय गं आज, आणि तिच्या मागे धूर दिसत असायचा. मग पुढचं दार. विस्तवाला पैसे पडत नव्हते, आणि दिला म्हणून तिचा कमीही होत नव्हता. तरी मागणारीने उभं राहायचं. देणारीला बरं वाटेपर्यंत उभं राहायचं."

"आणि काडेपेटी?"

"सासरे पुण्याहून घेऊन आले. पहिली काडी मी ओढली. त्या दिवसापासून आजवर मी कुणाच्या दारात मागायला उभी राहिले नाही. नवरा गेला, माहेरी आले, याला वाढवलं. दिवसाला एक वेळ जेवले. पण दुसऱ्याच्या दारात मागायला..."

इथे त्या थांबल्या. आमच्या दाराकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. म्हाताऱ्या माणसांचा असा धागा सुटतो. त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून मी मुद्दा मांडला, की आपल्याकडे किती तरी वर्षं काडेपेट्या जपानहूनच येत होत्या, म्हणजे सरतेशेवटी गोष्ट माझ्याच बाजूला येते. कुणी ऐकलं नाही.

"अक्का, मान्य," माधवराव म्हणाले. "राज्यक्रांती मी मागे घेतो." आवाज बसला होता त्यांचा. घाटमाथ्याची हवा नव्या माणसाला बाधते. पण तीस वर्षांचा इतिहासाचा मास्तर इतक्या कच्च्या युक्तिवादापुढे हार मानतो, हे पाहून मला वाईट वाटलं.

अंबूबाईंनी पन्ह्याचं भांडं उचललं आणि एका दमात रिकामं केलं.

"मुहूर्त कोणता बघितलाय?" त्यांनी विचारलं.

खोली एकदम हलकी झाली, पण मी फसणारा नव्हतो. तत्त्वाचं काम अर्धवट सोडून चालत नाही. मी उभा राहिलो आणि घसा साफ केला. "मुहूर्ताच्या आधी देण्याघेण्याच्या बाबतीत माझं स्पष्ट..."

"अहो," इंदिरा म्हणाली, "बाहेर टांगेवाला कधीचा खोळंबलाय. त्याला पाणी विचारून या."

"आत्ता?"

"आत्ता." हा आवाज बजावण्यातला होता.

गेलो. टांगेवाला गाढ झोपला होता आणि घोडा माझी जास्वंद खात होता. घोड्याला बाजूला करून परत आलो तर शैला अंबूबाईंना वाकून नमस्कार करत होती, गोपाळ हसत होता आणि माधवराव माझ्या हातावर साखर ठेवत म्हणाले, "पंधरा मे. वैशाखातलाच आहे."

मी म्हणालो, माझं बोलणं राहिलं आहे. "पुष्कळ वेळ आहे आता," ते म्हणाले.

२३ एप्रिल

हुंड्याचा विषय निघालेलाच नाही. इंदिरेला म्हणालो, ते विसरले असतील, आठवण करून नकार द्यावा का? तिने माझ्याकडे पाहिलं आणि हातातली वाटी खाली ठेवली. मी विषय सोडला.

४ मे

केळवणं. वजन वाढतं आहे. माधवराव बारीकसारीक निमित्तं काढून आठवड्यात दोनदा येतात. राज्यक्रांती मागे घेतल्यापासून हरवल्यासारखे झाले होते, म्हणून सगळ्यांत मोठी घटना म्हणजे छापखाना, हा पक्ष मीच त्यांना सुचवला. आता तो इतका तावातावाने मांडतात की सुचवल्याचा पश्चात्ताप होतो. माझ्याशी असं सरळ भांडणारा माणूस लोणावळ्यात नाही. बाकीचे मला भितात, किंवा मी तसं समजतो.

१५ मे

लग्न लागलं. अंतरपाट धरला होता तेव्हा शैलाकडे बघवेना, म्हणून मी पलीकडे पाहिलं. माधवरावही मुलाकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "छापखान्याशिवाय तुमच्या जपानची बातमी त्या वर्गात आली कशी?" मंगलाष्टकं चालू होती, मला उत्तर देता आलं नाही. बरं झालं. उत्तर सुचलंही नव्हतं, आणि डोळ्यांत आलेलं पाणी थांबलं.

१७ मे, रविवार

मांडवपरतणं. शैला आणि गोपाळ आले, माधवराव आले, आणि गुडघे दुखत असूनही अंबूबाई आल्या. जेवणं झाली. सगळे माजघरात सैलावून बसले होते. शैला अंबूबाईंना विडा करून देत होती आणि दोघींचं काही तरी हळू आवाजात चाललं होतं.

अंबूबाई मला म्हणाल्या, "नाना, त्या दिवशी तुम्ही घसा साफ करून उभे राहिलात आणि मग टांग्याकडे गेलात. काय बोलणार होतात?"

इंदिरेने वर पाहिलं. पण आता लग्न लागून गेलं होतं, तिला अडवण्यासारखं काही नव्हतं. मी उभा राहिलो आणि सगळं बोललो. बाजार आला, बैल आला, मुलीच्या बापाची मान आली, मागणाऱ्याची लाज आली. मैदानावर लागला होता त्यापेक्षाही आवाज चांगला लागला. माधवरावांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हे पहिल्यांदाच घडलं. शैला जमिनीकडे बघत होती. गोपाळ छताकडे.

संपल्यावर अंबूबाईंनी विडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"छान बोलता," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी बोलला असतात तर हुंडा घेतल्याशिवाय मी इथून उठले नसते."

"का?" मी विचारलं.

"मला कुणी तोंडावर शहाणपण शिकवलं की माझे गुडघे दुखायचे थांबतात."

सगळे हसले. इंदिरा तर पदर तोंडाला लावून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी रागावलो नाही. विरोधकाच्या गुडघ्यापर्यंत पोचतं असं भाषण करणारी माणसं या जिल्ह्यात फार थोडी आहेत, आणि ते आज खुद्द अंबूबाईंनीच चारचौघांत कबूल केलं.